ड्रोनबंदी जरूर करा, पण ती नकाशावर टाका : मराठवाड्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस अधीक्षक आणि मा. पोलीस आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली

विषय : ड्रोनबंदीचे आदेश डिजिटल स्कायच्या नकाशावर टाकण्याबाबत, आणि त्या अनुषंगाने काही कामाच्या गोष्टी

सप्रेम नमस्कार.

मंत्र्यांचा दौरा ठरला, मोर्चा निघणार असला किंवा एखाद्या गावात रात्री 'ड्रोन दिसला' अशी बोंब उठली की जिल्ह्यात ड्रोनबंदीचा आदेश निघतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ (पूर्वी हेच काम १४४ करायचं) लावलेलं असतं, हद्द 'संपूर्ण जिल्हा' असते आणि मुदत काही दिवसांपासून थेट दोन महिन्यांपर्यंत. आदेशाची प्रत नोटीस बोर्डावर लागते. पेपरात चार ओळी येतात. व्हॉट्सॲपवर कुणीतरी त्याचा तिरपा फोटो टाकतं, त्यात तारीख नेमकी कापलेली असते. एका ठिकाणी मात्र तो आदेश सहसा दिसत नाही. उड्डाणाआधी जो नकाशा पाहणं कायद्यानं सक्तीचं केलं आहे, त्या डिजिटल स्काय या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर.

हे पत्र त्या एका गोष्टीसाठी आहे. बंदी नको असं आम्ही म्हणत नाही. विमानतळाच्या कुंपणालगत लग्नाचं शूटिंग करणारे आम्हाला तुमच्याइतकेच नको आहेत. बंदी जिथं वाचली जाते तिथं ती लिहा, एवढंच म्हणणं आहे.

केंद्राचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला लागू झाले. त्यात तात्पुरत्या लाल क्षेत्राची, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही अशा भागाची, तरतूद आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या खालचा नसलेला अधिकारी आपल्या हद्दीतला ठरावीक भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी लाल जाहीर करू शकतो. ही घोषणा डिजिटल स्कायवरूनच करायची आहे, आणि क्षेत्राचा आकार वाजवी हवा, गरजेपेक्षा मोठा नको, असंही त्यात लिहिलं आहे. त्याच नियमांत दुसऱ्या बाजूला उडवणाऱ्यावर बंधन आहे, की उड्डाण सुरू करण्यापूर्वी त्या जागेसाठी काही सूचना किंवा निर्बंध आहेत का, हे त्यानं प्लॅटफॉर्मवर तपासलंच पाहिजे. म्हणजे नियम करणाऱ्यानं दोन्ही टोकं एकाच फळ्याशी आणून सोडली आहेत. तुम्ही तिथं लिहायचं, आम्ही तिथं वाचायचं. आज आम्ही वाचतो आणि फळा कोरा असतो. जो नकाशा बघून उडवतो तो ठाण्यात बसतो, आणि जो कधीच नकाशा बघत नाही त्याला काही फरक पडत नाही.

बीटवरच्या हवालदारालाही याचा त्रास आहे. समोर ड्रोन उडवणारा पोरगा मोबाईलवर हिरवा, म्हणजे परवानगी लागत नाही असा, नकाशा दाखवतो, हवालदाराच्या खिशात मागच्या महिन्याचा आदेश असतो, तो चालू आहे की संपला हे दोघांनाही सांगता येत नाही. क्षेत्र लाल दिसत असेल तर वादच मिटला.

९६ तास म्हणजे चार दिवस. मुख्यमंत्र्यांचा दौरा, जाहीर सभा, १७ सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन, हे सगळं त्यात आरामात बसतं. हद्दीचं गणितही करून बघा. बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटरचा. गेवराईत सभा आहे म्हणून परळीतल्या उसावर फवारणी करणारा शेतकऱ्याचा ड्रोन खाली उतरवण्यात काय हशील? हेलिपॅड आणि सभास्थान धरून ३ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ २८ चौरस किलोमीटर होतं. एवढ्या जागेवर चार-सहा कर्मचाऱ्यांना लक्ष ठेवता येतं. अख्ख्या जिल्ह्यावर कुणालाच येत नाही. कलम १६३ चा आदेश काढायचा तर काढाच, तो अधिकार तुमचा आहे. फक्त त्याच दिवशी तेच क्षेत्र नकाशावरही चढवा.

वर्तुळ काढताना एक चूक हमखास होते. अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत असतात आणि लिहिणारा ते दशांश समजून भरतो. छत्रपती संभाजीनगर शहराचा अक्षांश सुमारे १९ अंश ५२ मिनिटं आहे. हा आकडा १९.५२ असा भरला की वर्तुळ ३८ किलोमीटर दक्षिणेला सरकतं, म्हणजे पार पैठणजवळ जाऊन पडतं, आणि ज्या मैदानासाठी बंदी केली ते हिरवंच राहतं. बरोबर आकडा १९.८७. मिनिटांना ६० नं भागून अंशात मिळवायचं, बस. दशांशानंतर तीन आकडे दिले की चूक साधारण शंभर मीटरच्या आत राहते, तेवढं पुरतं. सोबत त्रिज्या मीटरमध्ये, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख-वेळ २४ तासांच्या घड्याळात, आणि शंका विचारायला कंट्रोल रूमचा एक नंबर. 'पुढील आदेश होईपर्यंत' हे शब्द टाळा. तो पुढचा आदेश कधीच येत नाही.

आता विमानतळांबद्दल. आपल्या आठ जिल्ह्यांत चिकलठाणा, नांदेड, लातूर आणि धाराशिव असे चार विमानतळ आहेत, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत, उडवणाऱ्यांचेही आणि अडवणाऱ्यांचेही.

नियम थोडक्यात असा. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत हिरवं क्षेत्र नसतंच, जमिनीपासूनच परवानगी लागते. तिथला भाग पिवळा असेल तर संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, आणि अगदी आतला लाल असेल तर केंद्र सरकारची. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत म्हणजे ६० मीटरपर्यंत हिरवं, त्याच्या वर पिवळं. १२ च्या बाहेर, दुसरं काही बंधन नसेल तर, ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत हिरवं. हिरव्या क्षेत्रात उड्डाणाची परवानगी कुणाकडूनच लागत नाही. 'पोलीस स्टेशनची एनओसी आण' हा प्रकार नियमांत कुठंही नाही. उडवण्याआधी ठाण्यात एक फोन करणं शहाणपणाचं आहे, आम्ही तो करायला सगळ्यांना सांगतो, पण तो शिष्टाचार झाला.

अंतर कुंपणापासून मोजायचं, टर्मिनलपासून नाही, आणि सरळ रेषेत मोजायचं, रस्त्यानं नाही. मोबाईलच्या नकाशात विमानतळाचं नाव टाकलं की खूण टर्मिनलच्या इमारतीवर पडते. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आणि जवळपास २.८ किलोमीटर लांब आहे. टर्मिनलपासून मोजलेले '९ किलोमीटर' त्या दिशेला कुंपणापासून सहज पावणेआठ भरू शकतात. दुसरी चूक रस्त्याची. 'विमानतळ इथून चौदा किलोमीटर' असं जालना रोडवरचा माणूस सांगतो, तेव्हा तो रिक्षाचं अंतर सांगत असतो. मुकुंदवाडी, सिडको आणि चिकलठाणा एमआयडीसीतल्या गच्च्यांवरून उडवणाऱ्यांनी तर मोजायच्या भानगडीत पडूच नये. ते आतच आहेत. नांदेडला शहराचा बहुतेक भाग ८ किलोमीटरच्या आत येतो, त्यामुळे तिथं 'घरापासून चार गल्ल्या सोडून उडवतो' याला अर्थ नाही.

लातूर आणि धाराशिवबद्दल एक समज पक्का बसला आहे, की प्रवासी विमानं नाहीत म्हणजे विमानतळ बंद. वेळापत्रक नसणं उलट जास्त धोक्याचं. ठरलेलं विमान साडेपाचला येतं हे गावाला माहीत असतं. खासगी विमान, रुग्ण नेणारं विमान, निवडणुकीतलं हेलिकॉप्टर किंवा प्रशिक्षणाचं छोटं विमान केव्हा येईल ते कुणालाच माहीत नसतं. प्रशिक्षणाचं विमान धावपट्टीभोवती साधारण हजार फुटांवर चकरा मारत राहतं, एकदा उतरलं की परत वर, असं तासभर. खाली शेतात उडवणाऱ्याला ते एकदा गेलेलं दिसतं आणि 'गेलं' असं वाटतं.

हे ८ आणि १२ चे आकडे कुठून येतात हे ठाण्यातल्या प्रत्येकाला कळलं तर कारवाई कुठं कडक करायची तेही कळेल. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं. धावपट्टीच्या टोकापासून १२ किलोमीटरवर ते अंदाजे ६४० मीटर उंच असतं, ८ वर ४३०, ५ वर २७५ आणि २ किलोमीटरवर फक्त १२० मीटर. एरवी ड्रोनला जी कायदेशीर कमाल उंची आहे, नेमक्या त्याच उंचीवर तिथं विमान असतं. मोठ्या प्रवासी विमानाचा उतरतानाचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. हातभर लांबीचा करडा ड्रोन वैमानिकाला अर्ध्या किलोमीटरवरून दिसला तरी हातात सात सेकंद उरतात, आणि त्या सात सेकंदांत त्याचं लक्ष धावपट्टीवर असतं. घार धडकली तर मांस आणि हाडं धडकतात. ड्रोनच्या मोटरी धातूच्या असतात आणि बॅटरी विटेसारखी घट्ट. तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा त्याचा मार वाईट बसतो.

मग ८ ते १२ च्या पट्ट्यात विमान ४३० मीटरच्या वर असताना ड्रोनला ६० चीच मर्यादा कशाला, असं पोरं विचारतात. बिघडलेला ड्रोन सेकंदाला ५ मीटर चढत सुटला तर ६० वरून ४३० वर जायला त्याला सव्वा मिनिट लागतं. शिवाय हेलिकॉप्टर तीन अंशांचा उतार पाळत नाही. मधली मोकळी जागा यासाठी ठेवली आहे.

या पट्ट्यातलं सगळ्यात नेहमीचं उल्लंघन मात्र उडवणाऱ्याचं बोटही न लागता होतं. ड्रोनचा रिमोटशी संपर्क तुटला की तो आपोआप परत येतो. परत येताना तो आधी ठरलेल्या उंचीवर चढतो, मग 'घराकडे', म्हणजे जिथून उडाला त्या जागेकडे, वळतो. ही 'रिटर्न टू होम'ची उंची ॲपमध्ये एकदा भरली की तशीच राहते. डोंगरात उडवताना कुणी ती १०० मीटर करून ठेवलेली असते. आठवड्यानं तोच माणूस विमानतळापासून १० किलोमीटरवर ४५ मीटर उंचीनं अगदी नियमात उडवत असतो. लोखंडी शेडमागे संपर्क तुटतो आणि ड्रोन सरळ १०० मीटरवर जाऊन उभा राहतो. म्हणून ८ ते १२ च्या पट्ट्यात दोन आकडे बदलल्याशिवाय पंखे फिरवायचे नाहीत. परतीची उंची ५०, कमाल उंचीची मर्यादा ५५. पाच मीटर हातचे राखायचे कारण ड्रोन उंची मोजतो हवेच्या दाबावरून, आणि दुपारच्या वाऱ्यात तो आकडा दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतो. अर्थात झाडं, टॉवर, विजेच्या तारा ५० च्या वर असतील तर ती जागाच चुकीची आहे.

घरी बनवलेल्या, आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर चालणाऱ्या ड्रोनमध्ये परतीची उंची बऱ्याच आवृत्त्यांत सेंटीमीटरमध्ये भरावी लागते. ५० मीटरसाठी ५००० लिहायचं. कुंपणाची, म्हणजे फेन्सची, कमाल उंची त्याच यादीत मीटरमध्ये असते. एकाच पडद्यावर दोन वेगळी मापं, त्यामुळे गोंधळ ठरलेला. परतीला ५० लिहिलं तर तो अर्धा मीटर समजतो. फेन्सची उंची भरतात पण फेन्स चालूच करत नाहीत, हाही रोजचाच प्रकार. बीटाफ्लाइट हे सॉफ्टवेअर चालणाऱ्या, कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा चष्मा लावून उडवायच्या रेसिंग ड्रोनमध्ये तर असं उंचीचं कुंपण मुळातच मिळेल असं धरून चालू नये. तिथं संपर्क तुटल्यावर मोटरी बंद होऊन ड्रोन जागेवर पडतो. लोकांच्या डोक्यावर ते वाईट, विमानतळाजवळ एका परीनं बरं. पण तो ड्रोन मुळात विमानतळाजवळ नेऊच नये, आणि चष्मा लावणाऱ्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी आकाश बघणारा दुसरा माणूस हवाच.

ॲपमधला उंचीचा आकडा जिथून उडवलं तिथून धरलेला असतो, खालच्या जमिनीपासून नाही. बालाघाटच्या कड्यावर उभं राहून ड्रोन ९० मीटर वर नेला आणि दरीवर सरकवला, दरी ८० मीटर खोल असली, की पडद्यावर ९० दिसत असताना तो जमिनीपासून १७० वर असतो. नियमातली उंची जमिनीपासूनची आहे.

इथल्या जमिनीचीही एक खोड आहे. मराठवाडा काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर बसला आहे, आणि त्यात चुंबकीय लोहखनिज असतं. उघड्या खडकावर किंवा बाभळीखालच्या दगडी बांधावर ड्रोन ठेवून त्याचं होकायंत्र जुळवलं की ते चुकीचं जुळतं. त्याहून वाईट म्हणजे स्लॅबची गच्ची, आतल्या सळ्यांमुळे, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा गाडीचं बॉनेट. मग ड्रोन जागेवर थांबायचं सोडून गोल गोल फिरत वर्तुळ मोठं करत जातो आणि शेवटी एका दिशेला पळ काढतो. 'ड्रोन आपोआप गेला' ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. होकायंत्र मोकळ्या मातीवर, लोखंडापासून पाच-सात मीटर लांब, खिशातला मोबाईल आणि किल्ल्या बाजूला ठेवून जुळवायचं. उपग्रह किमान दहा दिसेपर्यंत आणि 'घर नोंदलं' असं ॲप सांगेपर्यंत उडवायचं नाही. घाई केली तर घराची नोंद हवेत, भलत्याच ठिकाणी होते, आणि परत येताना ड्रोन तिकडेच उतरतो.

हे तांत्रिक पुराण तुमच्यासमोर लावण्याचं कारण आहे. पळालेला ड्रोन आणि मुद्दाम घुसवलेला ड्रोन यात फरक करायचा असेल तर तपास अधिकाऱ्याला ॲपमधली नोंद बघता यायला हवी. परतीची उंची किती होती, घर कुठं नोंदलं होतं, संपर्क कुठल्या सेकंदाला तुटला, हे सगळं त्या नोंदीत असतं. चूक दोन्हीकडे आहेच, पण दोन्हींची शिक्षा सारखी नसावी.

जागेवर तपासताना हवालदारानं काय विचारावं? आधी वजन. बॅटरी, पंख्यांची जाळी, कॅमेरा धरून एकूण. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलेल्या ड्रोनला जाळी आणि मोठी बॅटरी लावली की तो ३०० च्या वर जातो आणि नॅनोच्या सवलती संपतात. किराणा दुकानातला काटा पुरतो. मग नोंदणी क्रमांक, यूआयएन. तो ड्रोनच्या अंगावर दिसेल असा हवा. नोंदणीची फी १०० रुपये आहे, त्यामुळे 'परवडत नाही' हे कारण चालत नाही. यूआयएन ड्रोनच्या, आतल्या फ्लाइट कंट्रोलरच्या आणि रिमोटच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो. कंट्रोलरचा बोर्ड जळाला म्हणून बदलला तर ७ दिवसांत प्लॅटफॉर्मवर कळवावं लागतं. आमच्यातले निम्मे हे विसरतात, ते आम्ही कबूल करतो.

'लायसन्स दाखव' असं मात्र म्हणू नका. ११ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं लायसन्स हा शब्दच काढून टाकला, आता रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे, १० वर्षं चालणारं. नॅनोला ते लागत नाही. मायक्रो छंदासाठी उडवला तरी लागत नाही. तोच मायक्रो लग्नाच्या शूटिंगला पैसे घेऊन उडवला की लागतं. लग्नसराईत मंगल कार्यालयांवर उडणाऱ्या ड्रोनची कागदपत्रं एकदा नीट तपासलीत तर रविवारी माळावर विमानं उडवणाऱ्या पोरांमागे धावायची गरज उरणार नाही. नॅनो सोडून सगळ्यांना त्रयस्थाचा विमाही हवा. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, २५ किलोच्या आतला, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी डोळ्यांसमोर उडवलेला ड्रोन नियमांच्या भाषेत 'मॉडेल' ठरतो, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या प्रकारच्या ड्रोनला तपासणीनंतर मिळणारं प्रमाणपत्र, लागत नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळे पोरं घरी बनवतात, आणि आमच्या मते ते चांगलंच आहे.

आकाश हिरवं असलं तरी जमीन ज्याची त्याचे नियम वेगळे. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, मकबरा इथं पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. गौताळा आणि जायकवाडीच्या पक्षी अभयारण्यात वन विभागाची. हिवाळ्यात नाथसागराच्या काठी रोहित पक्ष्यांच्या थव्यावर ड्रोन नेणाऱ्याला आम्ही आमच्यात धरत नाही.

आता रात्रीच्या ड्रोनबद्दल. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या खेड्यांत लोकांनी रात्र रात्र जागून काढली. त्यातलं खरं किती आणि अफवा किती हे ठरवणं तुमचं काम. आम्ही ओळखायच्या खुणा सांगू शकतो. कॅमेऱ्याचा साधा ड्रोन एका बॅटरीवर वीस ते पस्तीस मिनिटं उडतो. 'तीन तास घिरट्या घालत होता' असं कुणी सांगितलं तर एक तर तो ड्रोन नाही, किंवा बॅटऱ्या बदलणारा माणूस एक-दोन किलोमीटरच्या आत बसला आहे. आकाशाकडे बघण्यापेक्षा त्या माणसाला शोधा. शांत रात्री शंभर मीटरवरच्या ड्रोनची मधमाश्यांसारखी घरघर ऐकू येते. अजिबात आवाज नसलेला, एकाच रेषेत सरकणारा, लुकलुकणारा दिवा हे उंचावरचं प्रवासी विमान. दिव्यांची माळ ओळीनं जाताना दिसली तर ती उपग्रहांची. जागेवर थांबतो, एकदम बाजूला सरकतो, लाल-हिरवे दिवे दोन टोकांना दिसतात, तो ड्रोन. दगड किंवा गोफण मारू नका असं गावात सांगा. शंभर मीटरवरून पडलेलं किलोभराचं यंत्र खाली उभ्या माणसाचं डोकं फोडतं, आणि फुटलेली लिथियम बॅटरी कडब्याच्या गंजीवर पडली तर आग लागते.

राहिली जप्तीची गोष्ट, जी कुठल्याच आदेशात नसते. जप्त ड्रोन पंचनाम्यानंतर बॅटरीसकट पिशवीत बांधून मुद्देमाल खोलीत टाकला जातो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या बंद खोलीत मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना आत त्याहून जास्त होतं. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी, प्रत्येक सेलला ४.२ व्होल्ट, अशा उकाड्यात महिनोन् महिने पडली की फुगते, आणि फुगलेली बॅटरी कशानं तरी दाबली गेली तर पेटते. शेजारी तुमच्या इतर गुन्ह्यांचा कागदी पुरावा असतो. म्हणून बॅटरी लगेच काढा, तिची टोकं चिकटपट्टीनं झाका, ड्रोनपासून वेगळं लेबल लावा. जमल्यास चार्जरच्या 'स्टोरेज' सेटिंगवर सेलला ३.८ व्होल्टपर्यंत आणून ठेवा. ॲपवर बघायचं असेल तर ४०-६० टक्के. आधीच फुगलेली असेल तर चार्जरला लावूच नका, कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, खोलीबाहेर सावलीत ठेवा. ड्रोन ठाण्यात चालू करून बघू नका. चालू केल्यावर काही यंत्रं नवी नोंद लिहायला लागतात आणि जुनी पुसली जाऊ शकते. मेमरी कार्ड काढून वेगळं सील करा. रिमोट आणि त्याला जोडलेला मोबाईल ही ड्रोनइतकीच महत्त्वाची वस्तू आहे. उड्डाणाची नोंद बऱ्याचदा तिथंच असते.

प्रत्येक जिल्ह्याच्या सायबर किंवा नियंत्रण कक्षातल्या दोन कर्मचाऱ्यांना अर्ध्या दिवसात आम्ही हे सगळं हातात ड्रोन देऊन शिकवायला तयार आहोत. नकाशा वाचणं, वर्तुळाचे आकडे भरणं, वजन आणि यूआयएन तपासणं, बॅटरी सुरक्षित काढणं. त्याचे पैसे नकोत. एक मोकळं मैदान, कुंपणापासून १२ किलोमीटरच्या बाहेरचं, आणि सावलीला एक झाड असलं की झालं.

पुढचा आदेश टाईप होईल तेव्हा 'संपूर्ण जिल्ह्याच्या हद्दीत' या शब्दांच्या जागी एक अक्षांश, एक रेखांश, एक त्रिज्या आणि दोन वेळा लिहा. आणि मिनिटांना ६० नं भागायला विसरू नका.

आपले,
मराठवाड्यात ड्रोन बनवणारे, उडवणारे आणि दुरुस्त करणारे